हात अजून गिऱ्हाइकाचाच घोडा काढतोय

पत्र : सप्रेम नमस्कार. मी मिरजेची, वय 56. लग्नाआधी चित्रकलेची पदविका घेतली आणि तेव्हापासून ऑर्डरचीच चित्रं काढत आले. आधी दुकानांच्या पाट्या, शाळांच्या भिंती. मग फोटोवरून पोर्ट्रेट, बहुतेक कुणाच्या तरी गेलेल्या आईवडिलांची. आणि गेली दहा-बारा वर्षं मुख्यतः ‘सात घोडे’, लोक वास्तूसाठी घरात लावतात ते. किती काढले, मोजले नाहीत. त्यावर घर चाललं, मुलीचं शिक्षण झालं, तेव्हा तक्रार अशी नाही. पण घोड्यांचं वेड माझं स्वतःचं, लहानपणापासूनचं. मिरज स्टेशनबाहेर टांगे उभे असायचे, शाळेतून येताना मी तिथेच रेंगाळायचे. या दिवाळीनंतर ठरवलं, आता ऑर्डर बंद, घोडे काढायचे ते स्वतःसाठी. पाच फुटी कॅनव्हास ताणून घेतला. तीन महिने झाले. हात लावला की तोच पांढरा घोडा येतो, तीच उडणारी आयाळ, पुढे झेपावलेले तेच दोन पाय. पुसून टाकते. मिस्टर म्हणतात, घोडेच काढायचेत तर ऑर्डर घेऊन काढ. जाऊबाई म्हणतात, रिकामा उद्योग. एका जुन्या गिऱ्हाइकाने तर मी काय काढतेय हे न बघताच ‘होईल ते मलाच द्या’ म्हणून ठेवलंय. आनंदासाठी सुरू केलं आणि आता त्या खोलीत जायचीच धास्ती वाटते. माझं काय चुकतंय? विकायचंच नाही असं ठरवावं का? ऑर्डर पूर्ण बंद कराव्यात का?

उत्तर :

ताई,

तुमचं काही चुकत नाहीये. तुमच्या हाताला इतकी वर्षं जे काम दिलं, तेच तो इमानाने करतोय. घोड्यांवरचं तुमचं प्रेम आटलेलं नाही. आटलं असतं तर तुम्ही पुसून टाकलं नसतं, आलं तसं पूर्ण करून भिंतीवर लावलं असतं. आलेला घोडा आपला नाही हे ज्या डोळ्यांना कळतं, ते डोळे शाबूत आहेत. आता हाताला त्यांच्या मागून चालायला लावायचं आहे.

त्यासाठी आधी सात घोड्यांच्या चित्राकडेच नीट पाहू. ते तुमच्याकडे येण्याआधीच ठरून आलेलं असतं. घोडे सातच, आणि पांढरे. लगाम नको, खोगीर नको. सगळे एकाच दिशेला धावणारे आणि ती दिशा घराच्या आत. चेहरे प्रसन्न, डोळे वटारलेले नकोत. मागे उगवता सूर्य, पायाशी पाणी किंवा धूळ. भिंतीप्रमाणे माप, सोफ्याला शोभेल अशी बॅकग्राऊंड आणि वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी डिलिव्हरी. ज्यांची श्रद्धा आहे त्यांनी ते चित्र जरूर लावावं, त्यांच्या श्रद्धेबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण चित्रकार म्हणून तुमच्या वाट्याला ठरवण्यासारखं काय उरलं? तिसऱ्या घोड्याची मान किंचित वळवायची की नाही, फार तर एवढंच. त्याहून मोठी गोष्ट अशी की या चित्रासाठी घोडा पाहावाच लागत नाही. मागच्या चित्रावरून पुढचं होतं, कॅलेंडरवरून होतं, गिऱ्हाइकाने मोबाईलवर पाठवलेल्या फोटोवर ग्राफ टाकून, म्हणजे चौकटी आखून, होतं. म्हणजे ज्या मुलीने टांग्याचे घोडे पाहण्यात शाळेनंतरच्या वेळा घालवल्या, तिने पुढे वर्षानुवर्षं घोडे काढले ते एकही घोडा न पाहता.

आता कॅनव्हास रिकामा आहे आणि सगळंच तुम्ही ठरवायचं आहे. घोडा एक की चार? उभा, लोळणारा, की पाणी पिणारा? काळा की तांबडा? समोरून पाहिलेला की मागून? ताजातवाना की दिवसभर राबून आलेला? यातला एकही निर्णय घ्यायची सवय हाताला नाही. सवय नसलेल्या जागी माणूस येतं तेच करतो. मग तो पांढरा घोडा येतो.

हे एकट्या तुमच्या बाबतीत घडतं असं मनात आणू नका. तेरेसा अमाबिले या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1990च्या दशकात सहकाऱ्यांसोबत 23 व्यावसायिक कलाकारांच्या कामांचा अभ्यास केला होता. प्रत्येकाची काही कामं ऑर्डरची घेतली, काही स्वतःहून केलेली. कुठलं काम कोणत्या गटातलं हे जाणकार परीक्षकांना सांगितलं नव्हतं. कसबात दोन्ही गट सारखेच ठरले. पण नवेपणाच्या बाबतीत ऑर्डरची कामं स्पष्टपणे खाली गेली. तुमचा अनुभव हाच सांगतो. ब्रश धरायला, रंग लावायला तुम्ही विसरलेला नाहीत. फिनिशिंग आजही तुमचं पक्कं असणार. राहून गेलंय ते त्याच्या आधीचं काम, काय पाहायचं आणि त्यातलं काय निवडायचं हे.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगते. ऑर्डरच्या कामाला मनातल्या मनात कमी लेखू नका. पुण्याच्या शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारातला शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा सासवण्याच्या विनायकराव करमरकरांनी केला. तो मागवून घेतलेलाच होता. 1928 साली त्याचं अनावरण झालं. एवढा मोठा पुतळा एकाच ओतीवात ओतलेला, आणि त्यातला घोडा आजही पाहणाऱ्याला थांबवतो. तेव्हा मागवलेल्या कामात जीव ओतता येत नाही असं नाही. शिवाय कुणाच्या तरी गेलेल्या आईचा चेहरा एका धुरकट पासपोर्ट फोटोवरून उभा करणं, आणि घरच्यांनी तो पाहून डोळे पुसणं, ही लहान गोष्ट नाही. त्या कामाने तुम्हाला जे दिलं ते घोड्यांना उपयोगी पडणार आहे. कसं, ते पुढे सांगते.

आता पहिलं काम : तो पाच फुटी कॅनव्हास त्या खोलीतून बाहेर काढा. माळ्यावर टाका, पलंगामागे सरकवा. कॅनव्हास ताणून ठेवला की पूर्ण चित्राची अपेक्षा सुरू होते आणि पूर्ण चित्राची अपेक्षा तुम्हाला सरळ डिलिव्हरीच्या तारखेकडे नेते. ॲक्रिलिक आणि सपाट ब्रशही काही महिने बाजूला ठेवा, कारण हाताच्या सगळ्या जुन्या वळणांची ओळख त्या ब्रशशी आहे. कोळशाच्या कांड्या आणा, काळी शाई आणि बोरू आणा, स्वस्तातला न्यूजप्रिंट कागद गठ्ठ्याने आणा. खोडरबर नको. बोरूने पोर्ट्रेटसारखं मऊ टचिंग करताच येत नाही, रेघ पडली की पडली. तुम्हाला सध्या तेच हवंय.

दुसरं काम : घोडा शोधा. मिरज-सांगलीकडे वरातीचे घोडे बाळगणारी माणसं आहेतच. लग्नसराईतही त्यांचे घोडे दुपारी मोकळे असतात. जाऊन सरळ सांगा की मी चित्रं काढते, तासभर बसून पाहू द्या. घोडा सांभाळणाऱ्या माणसाला त्याच्या घोड्याबद्दल विचारलेलं फार आवडतं, आणि पुस्तकात सापडणार नाही इतकं तो सांगतो. घोड्याच्या अगदी मागे उभं राहू नका. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्याला आजूबाजूचं जवळजवळ सगळं दिसतं, पण थेट पाठीमागचं आणि कपाळाच्या अगदी पुढ्यातलं दिसत नाही. खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत जवळ जा. पहिल्या दिवशी वही पिशवीतच राहू द्या, आणि मोबाईलही. फोटो हातात आला की तुम्ही घरी जाऊन ग्राफ टाकणार, हे मी आत्ताच सांगून ठेवते.

काय पाहायचं? दुपारी उभ्या उभ्या पेंगणारा घोडा पाहा. त्याचा भार तीन पायांवर असतो. चौथा, मागचा एक पाय, सैल सोडलेला आणि खुराची फक्त पुढची कड जमिनीला टेकलेली. त्या बाजूचा पुठ्ठा, म्हणजे कमरेमागचा भाग, खाली उतरतो, पाठीच्या मागच्या भागाची सगळी रेघ तिरकी होते. मान खाली येते, खालचा ओठ लोंबतो. मागच्या पायाच्या वाटीचं हाड तो मांडीच्या हाडाच्या उंचवट्यावर अडकवून ठेवतो, म्हणून स्नायूंना फारसे कष्ट न देता असा तासन्‌तास उभा राहू शकतो. मग कधीतरी एक उसासा टाकून पाय बदलतो आणि सगळा तिरकेपणा दुसऱ्या बाजूला जातो. सात घोड्यांच्या चित्रात हे कधीच येत नाही, कारण तिथे घोड्याला दमायची परवानगी नाही. पण टांग्याच्या तळावर तुम्ही लहानपणी जे घोडे पाहिले ते बहुतेक वेळ असेच उभे असणार. तुमच्या प्रेमातला घोडा झेपावणारा नव्हताच बहुधा, गिऱ्हाइकाची वाट पाहत उभा असणारा होता. एकदा तसा काढून पाहा.

मग पाय. इथे तुमचं पोर्ट्रेटचं शिक्षण कामी येतं, कारण माणसाचा सांगाडा तुम्हाला पाठ आहे. घोड्याच्या पुढच्या पायाच्या मध्यावर जो सांधा आपण गुडघा म्हणून काढतो ते मुळात मनगट आहे. खरं कोपर तर पार वर, छातीला लागून आहे. मागच्या पायात पाठीमागे टोक काढून आलेला सांधा म्हणजे टाच. खूर म्हणजे मधल्या एकाच बोटाचं नख. सगळा घोडा चार बोटांच्या टोकांवर उभा असतो. हे एकदा डोक्यात बसलं की पाय कुठून वाकेल आणि कुठून वाकणार नाही याबद्दल शंका राहत नाही. आणखी एक, घोड्याला आपल्यासारखं गळपट्टीचं हाड नसतं. पुढचे पाय धडाला केवळ स्नायूंनी बांधलेले असतात. म्हणून तो चालू लागला की कातडीखाली खांद्याचं पातं सरकताना दिसतं. ते सरकणं काढता आलं नाही तरी चालेल. दिसलं पाहिजे.

कान पाहा. चित्रातले कान बहुतेकदा आयाळीत हरवलेले असतात किंवा नुसते दोन त्रिकोण असतात. जिवंत घोड्याचा एक कान तुमच्याकडे वळलेला असेल आणि दुसरा गल्लीतून जाणाऱ्या गाडीकडे. चिडला की दोन्ही मागे, मानेला चिकटून. मारवाडी किंवा काठेवाडी घोडा मिळाला तर कानांची टोकं आत वळून एकमेकांना भिडताना दिसतील. दख्खनच्या भीमथडी तट्टाचे कान तसे नसतात. पोर्ट्रेटमध्ये लाईकनेस, म्हणजे ज्याची त्याची ओळख, डोळ्यांत आणि ओठांच्या कडांत असते हे तुम्हाला मी सांगायला नको. घोड्याची लाईकनेस पुष्कळशी कानांत आणि नाकपुड्यांत असते.

घोडा एका जागी थांबत नाही अशी तुमची पहिली तक्रार येईल. एकाच मोठ्या कागदावर पाच-सहा रेखाटनं सुरू करा. मान खाली गेली की पहिलं, वर आली की दुसरं, बाजूला वळली की तिसरं. घोडा फिरून फिरून त्याच त्याच ढबींवर परत येतो. आला की त्या रेखाटनात दोन रेघा वाढवायच्या. त्यातलं एकही पूर्ण होणार नाही, आणि होऊ नये अशीच माझी इच्छा आहे. घरी आल्यावर ती रेखाटनं ‘नीट’ करायला बसू नका. तारीख टाका, घोड्याचं नाव टाका आणि ठेवून द्या. सही करायची नाही. सही ही गिऱ्हाइकाच्या सोयीची गोष्ट आहे.

धावणारा घोडा तुम्हाला पुन्हा काढावासा वाटेल तेव्हा एक गोष्ट लक्षात असू द्या. चौखूर धावणाऱ्या घोड्याचे पुढचे पाय पुढे ताणलेले आणि मागचे मागे, असा तो हवेत तरंगतो, हे दृश्य चित्रकारांनी शेकडो वर्षं काढलं. जेरिको या फ्रेंच चित्रकाराने 1821 साली इंग्लंडमधल्या एप्सम डर्बीच्या घोड्यांच्या शर्यतीचं चित्र काढलं, जे आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे, त्यातले घोडेही असेच आहेत. 1878 साली कॅलिफोर्नियात एडवर्ड मायब्रिज या छायाचित्रकाराने ओळीने कॅमेरे लावून धावत्या घोडीचे एकापाठोपाठ एक फोटो घेतले तेव्हा कळलं की चारही पाय हवेत असतात हे खरं, पण ते पोटाखाली गोळा झालेले असताना. पाय ताणलेले असताना घोडा कधीच अधांतरी नसतो. तुमचा हात काढतोय तो, दोन्ही पाय पुढे झेपावलेला घोडा, त्याच जुन्या कल्पनेचा वंशज आहे. याचा अर्थ तो चूक म्हणून टाकून द्या असा नाही. जेरिकोच्या चित्रातला वेग खोटा वाटत नाही. पण निदान दोन्ही प्रकार माहीत असावेत आणि त्यातला एक तुम्ही निवडलेला असावा. इथे मोबाईल वापरायला माझी हरकत नाही. स्लो मोशनमध्ये चित्रीकरण करा, घरी पाहा, मग मोबाईल बंद करून आठवणीतून काढा.

रंगांकडे घाईने येऊ नका. याल तेव्हा पांढऱ्यापासून लांब राहून सुरुवात करा. कुमैत घोडा घ्या, तांबूस-तपकिरी अंग आणि काळे पाय, काळी आयाळ, काळी शेपूट. त्याच्या पाठीवर उन्हात आकाशाचा निळा उतरतो आणि पोटाखाली जमिनीचा तांबडा, आणि हे दोन्ही एकाच तपकिरीवर दिसतात. यलो ऑकर, बर्न्ट सिएना, अल्ट्रामरीन एवढ्या तीन नळ्यांत पुष्कळ घोडे निघतात. पांढरे म्हणून आपण जे घोडे ओळखतो त्यातले बरेचसे जन्मतः गडद असतात आणि वयासोबत पांढरे होत जातात. त्यांच्या केसांखालची कातडी काळसरच राहते, म्हणून नाक-तोंड आणि डोळ्यांभोवतीचा भाग राखाडी दिसतो. नुकऱ्या, म्हणजे जन्मतःच पांढऱ्या, घोड्याची कातडी मात्र गुलाबी. हा फरक एकदा डोळ्यांनी पाहिलात की पांढरा घोडाही तुम्हाला पुन्हा आपला वाटू लागेल. कधीतरी जरूर काढा.

आता तुमच्या मिस्टरांचा मुद्दा, घोडे काढायचेच तर ऑर्डर घेऊन काढ. त्यांना रोझा बोनरची गोष्ट सांगा. एकोणिसाव्या शतकातली ही फ्रेंच चित्रकार बाई. सरकारकडून चित्र मागवलं गेलं तेव्हा तिने दोन कल्पना पुढे ठेवल्या, एक घोडेबाजाराची आणि एक गवतकापणीची. अधिकाऱ्याने गवतकापणी निवडली. गुरंढोरं काढण्यात तिचं नाव होतं, घोड्यांसाठी नव्हतं. तिने घोडेबाजार तरीही काढला, ऑर्डर नसताना. त्यासाठी आठवड्यातून दोनदा पॅरिसच्या घोडेबाजारात जाऊन ती रेखाटनं करायची, आणि हे दीड वर्ष चाललं. व्यापाऱ्यांच्या त्या गर्दीत बाईमाणसाने निवांत उभं राहणं कठीण, म्हणून पुरुषी पोशाख घालण्यासाठी पोलिसांची लेखी परवानगी काढली. तेव्हा फ्रान्समध्ये बाईने विजार घालायला परवानगी लागत असे. 1853 साली लोकांसमोर आलेलं ते चित्र पाच मीटरहून रुंद आहे आणि आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. गवतकापणीचं चित्रही तिने पुढे पूर्ण करून दिलं. दोन्ही कामं एकाच बाईने, एकाच काळात केली. ऑर्डरचं काम आणि मनाचं काम एका घरात नांदू शकतं, फक्त दोघांची चूल वेगळी पाहिजे.

म्हणून ऑर्डर पूर्ण बंद करायच्या की नाही, हा निर्णय मी पैशांवर सोडेन, चित्रांवर नाही. घरात ओढाताण होणार असेल तर पोर्ट्रेट घेत राहा. माझ्या मते तुमचं खरं मन त्या कामात लागत असावं, कारण पत्रात पोर्ट्रेटबद्दल तुम्ही एकही कडवट शब्द लिहिलेला नाही. सात घोडे मात्र पूर्ण थांबवा. एकही अपवाद नको, नात्यातला नको, ‘शेवटचं एकच’ म्हणूनही नको. ज्या विषयावर तुमचा जीव आहे तो विषय सांगून काढायची वेळ पुन्हा यायला नको. मिरजेत, सांगलीत, कोल्हापुरात चित्रकला शिकून बाहेर पडलेली किती मुलं काम शोधताहेत. त्यांच्यातल्या एखाद्याचा नंबर जवळ ठेवा आणि फोन आला की तो द्या. त्या मुलाला काम मिळेल, तुम्हाला नकार देताना ओशाळल्यासारखं होणार नाही.

विकण्याचं विचारलंत. निदान पहिलं वर्षभर काही विकू नका, कुणाला भेट देऊ नका, कुणाला कबूलही करू नका. भेटीचंही मुद्दाम सांगतेय, कारण ‘नणंदेच्या नव्या घरासाठी’ म्हटलं की तुमचं डोकं लगेच नणंदेच्या भिंतीचा रंग पाहायला लागेल. स्टेटसलाही टाकू नका. कौतुक वाईट नसतं, पण कुठल्या घोड्याला अंगठे जास्त आले हे एकदा कळलं की पुढचा घोडा आपोआप त्याच्यासारखा होतो, आणि गिऱ्हाईक पुन्हा खोलीत येऊन बसतं. वर्षानंतर एखादं रेखाटन कुणाला द्यावंसं वाटलं, विकावंसं वाटलं, तर खुशाल विका. काढताना ते कुणाचं नव्हतं एवढं पुरे आहे. ‘होईल ते मलाच द्या’ म्हणणाऱ्या तुमच्या गिऱ्हाइकाला मात्र आजच फोन करा. ॲडव्हान्स दिला असेल तर परत करा. चांगलं माणूस दिसतंय, तुमच्या कामावर विश्वास आहे म्हणूनच न बघता मागतंय, तेव्हा गोडीने सांगा. पण सांगा. हा एक माणूस तुमच्या मनात जोवर भिंत मोकळी ठेवून बसलाय, तोवर कुठलीच रेघ तुमची होणार नाही.

जाऊबाईंना उत्तर द्यायच्या भानगडीत पडू नका. न्यूजप्रिंट आणि कोळसा यांचा महिन्याचा खर्च घरातल्या कुणाच्याही डोळ्यावर येण्यासारखा नाही. जागेचं म्हणाल तर ती खोली तुमच्या ऑर्डरींनीच चालवली. या वयात काय, हा प्रश्न तुम्ही विचारता विचारता राहिलात असं मला तुमचं पत्र वाचताना वाटलं, म्हणून तेवढं सांगते. माझ्या वर्गात निवृत्तीनंतर पहिल्यांदा ब्रश धरणारी माणसं येत असत आणि त्यांना हात वळवायलाच वर्षं लागत. तुमचा हात तयार आहे. तुम्हाला फक्त तो नवीन जागी न्यायचाय.

मिस्टरांना सोबत घ्या, असं सुचवते. बेळगाव जिल्ह्यातलं अंकली तुमच्यापासून काही लांब नाही. माउलींच्या पालखीतले अश्व तिथल्या शितोळे सरकारांकडचे, आणि ते तिथून पायी आळंदीला निघतात. आषाढीच्या वाटेवर जमलं तर सदाशिवनगरचं गोल रिंगण पाहायला जा. दोन अश्व असतात. एकावर जरीपटका घेतलेला स्वार, दुसऱ्याची पाठ मोकळी, कारण ती माउलींची जागा. ते धावतात तेवढे क्षण कागदावर काही काढायला जमायचं नाही, गर्दी अंगावर येते आणि लोक टापांखालची माती कपाळाला लावायला धावतात. पण मोकळ्या पाठीचा घोडा भरधाव जाताना कसा दिसतो, हे तिथे पाहायला मिळेल, आणि तो काढावासा वाटला तर तुमच्या आठवणीतून काढा.

आणि मार्गशीर्षात सारंगखेड्याला जा. नंदुरबार जिल्ह्यात तापीच्या काठी, एकमुखी दत्ताच्या यात्रेत, दत्तजयंतीपासून घोड्यांचा मोठा बाजार भरतो. ठिकठिकाणचे व्यापारी जनावरं घेऊन येतात. तिथे घोडा विकायचा म्हणजे तो चालवून, दुडकवून, पळवून दाखवावाच लागतो. तुम्ही एका कडेला घडीची खुर्ची टाकून बसलात की एकामागून एक घोडा तुमच्यासमोरून जात राहील. अबलख, कुमैत, काळा, पंचकल्याणी, मारवाडी, काठेवाडी, आईच्या अंगाला अंग घासत चालणारी शिंगरं. मालक विचारतील, घ्यायचाय का? नाही म्हणा, चित्र काढतेय म्हणा, वही दाखवा. घोडा जरा थांबवून धरतील. रेल्वेने गेलात तर दोंडाईचा स्टेशन सोयीचं. मुक्कामाला शहादा किंवा दोंडाईचा बघा, पण यात्रेच्या दिवसांत खोल्या आधी ठरवलेल्या बऱ्या. तापीकाठी सकाळी चांगलीच थंडी असते. बोटं उघडी राहतील असे हातमोजे शिवून घ्या, नाहीतर कोळसा धरवत नाही.